मामाचा कोपरा

माझ्या फ्रिजचा खालचा कप्पा बरीच वर्षं माझा नव्हता. तिथं तळ्याचं पाणी असायचं. माझी लेक महिन्यातून एकदा शनिवारी लातूरहून नांदेडला माझ्याकडं यायची, रविवारी सकाळीच अर्धापूरच्या बाजूच्या तळ्यावर जायची आणि दुपारनंतर पाण्यानं भरलेल्या बाटल्या घेऊन परत यायची. त्या रात्री बाटल्या माझ्या फ्रिजमध्ये मुक्काम करायच्या आणि सोमवारी बर्फाच्या डब्यात बसून तिच्याबरोबर लातूरच्या कॉलेजात जायच्या. माझं दूध, भाजी, वाटीभर दही सगळं वरच्या कप्प्यात दाटीवाटीनं असायचं. एकदा शेजारीण बर्फ मागायला आली आणि आत बघतच राहिली.

"काकू, हे हिरवं सरबत कसलं हो?"

मी म्हटलं, "माझ्या माहेरचं पाणी आहे."

तिला वाटलं मी थट्टा केली. ती हसून बर्फ घेऊन गेली. मला थट्टा जमत नाही. चार माणसांत माझ्या तोंडून शब्दच निघत नाही. ते पाणी खरंच माझ्या माहेरचं होतं.

माझं गाव त्या तळ्याच्या काठावर आहे. शाळा चौथीपर्यंतच होती, पुढची शाळा लांब होती, म्हणून मी चौथीनंतर घरी बसले. आईवडील लवकर गेले. मागे राहिलो मी आणि माझा थोरला भाऊ. दादाचा केळीचा मळा थेट तळ्याच्या पाण्यापर्यंत उतरतो. लग्न होऊन मी नांदेडला आले. मालक एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. लेक कॉलेजात असताना ते वारले. तेव्हापासून दोन खोल्या आणि मी.

आमच्याकडं नागपंचमीला लेकींना माहेरी न्यायला मुराळी येतो. बहुतेक भाऊच येतो. आपल्या पायानं कुणी जात नाही. न बोलावता गेलेल्या बाईला वेशीतच पहिला प्रश्न असतो, काय झालं गं? दादानं माझी एकही पंचमी चुकवली नव्हती. तो आदल्या दिवशी यायचा आणि दारातूनच ओरडायचा, "बाई, झाली का तयारी? गाडी थांबत न्हाई." गाडी एसटीचीच असायची आणि ती अर्धा तास उशिरा यायची. पण हे ओरडणं ऐकल्याशिवाय मला पंचमी आल्यासारखी वाटत नसे. मालक गेल्यानंतर तर त्या एका हाकेवर माझं वर्ष निघायचं.

लेकीचं सगळं काम त्या तळ्यावर सुरू झालं, आणि तेही दादामुळं. ती लहान असताना पंचमीला आम्ही गेलो की दादा केळीची चार खोडं सुंभानं बांधून तराफा करायचा आणि तिला त्याच्यावर बसवून तळ्यात सोडायचा. दोरीचं टोक त्याच्या हातात. बाकीची पोरं तराफ्यावर उभी राहून नाचायची. ही पालथी पडून पाण्यात बघत राहायची. वहिनी काठावरून ओरडायची, "आगं, तोंड जाईल पाण्यात! काय सोनं पडलंय का तिथं?" ही उत्तर द्यायची नाही. संध्याकाळी मला सांगायची, आई, खाली गवताचं रान आहे, त्यात पारदर्शक कोळंबी फिरते, तिच्या पोटातलं दिसतं.

पुढं तिनं नांदेडलाच शिक्षण घेतलं. तळी, तलाव, दलदलीच्या जागा यांत माणसामुळं काय बदलतं, हा तिचा विषय. मला तिनं एकदाच समजावून सांगितलं होतं. म्हणाली, तळं म्हणजे परात आहे. आजूबाजूच्या सगळ्या रानाचं, गटाराचं, गोठ्याचं, धुण्याचं वाहून येतं ते त्या परातीत पडतं. परातीत बघितलं की घर कसं आहे ते कळतं. मी म्हटलं, मग लोकांना आवडेल का? ती म्हणाली, बघू.

एकट्या पोरीनं रानात कसं जायचं, म्हणून सुरुवातीला मी बरोबर जायची. माझं काम काठावर बसायचं. तिच्या चपला, पिशवी, डबा राखायचा आणि बाटल्यांना लावायच्या चिठ्ठ्यांवर पेन्सिलीनं लिहायचं. शाई पाण्यात फुटते म्हणून पेन्सिल. तिचे हात ओले असत, माझे कोरडे. चौथीनंतर माझ्या हातात पेन्सिल आली ती तिथं. ती पाण्यातून सांगायची आणि मी लिहायची. तळ्याच्या ठरलेल्या जागांना नावं तिनंच दिली होती. वडाचा घाट. धुण्याचे दगड. ओढ्याचं तोंड. आणि दादाचा मळा जिथं पाण्याला लागतो तो मामाचा कोपरा.

दादा त्या काळात तिच्या पुढं पुढं असायचा. ट्रॅक्टरच्या ट्यूबवर फळी बांधून त्यानं तिला होडगं करून दिलं होतं. ती काळी-पांढरी रंगवलेली थाळी दोरीनं पाण्यात सोडायची. थाळी कुठं दिसेनाशी होते, तिथं दोरीला चिमटा. त्यावरून पाणी किती गढूळ ते कळतं. दादा काठावरून म्हणायचा, "माय, जेवायचं ताट बुडवायलीस का? तुज्या मामीनं पंगतीला काय वाढावं?"

पाण्यातली हवा मोजायची दुसरी रीत होती. काचेची बाटली तोंडापर्यंत भरायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही, मग त्यात दोन औषधांचे थेंब सोडायचे. पाण्यात हवा असली की बाटली तपकिरी होते, नसली की पांढरी राहते. त्या वर्षांत मामाच्या कोपऱ्यातली बाटली अशी होत असे, की दादा ती उन्हात धरून म्हणायचा, "चहा झाला की गं! साखर टाक." आणि गावातला जो भेटेल त्याला सांगायचा, "माजी भाची हाय. शास्त्रज्ञ."

तिला मोठी पदवी मिळाली, लातूरला कॉलेजात नोकरी लागली. तिकडं चाकूरच्या बाजूचे पाझर तलाव तिनं कामाला घेतले. एका उन्हाळ्यात ते सगळे आटले. मला वाटलं आता हिला सुट्टी. तर ती मला घेऊन कोरड्या तलावात उतरली. जमीन पापडासारखी तडकलेली, मधोमध कुणी कलिंगडं लावलेली, एका बाजूला विटांसाठी गाळ खणून नेलेला. दूरवर माणूस नाही. ती वाकून शिंपले गोळा करत चालली होती आणि मी मागून पिशवी धरून. एवढ्या मोठ्या रिकाम्या जागेत आम्ही दोघीच. मी विचारलं, "पाणीच नाही तर काय बघतीस?" ती म्हणाली, "कोण कोण राहत होतं ते." तेव्हा मला तिची काळजी वाटली. आपण गेल्यावर ही अशीच कुठल्या तरी कोरड्या तलावात एकटी फिरत राहील, असं वाटलं.

स्थळं येत होती. एक बाई बघायला आली होती, तिनं विचारलं, "मुलगी काय करते?"

मी म्हटलं, "तळ्याचं पाणी तपासते."

"म्हणजे दवाखान्यात?"

"न्हाई, तळ्यावर जाऊन."

"पाण्यात उतरून?"

"हाव."

बाईनं पोहे संपवले आणि गेली. लेक हसली. पुढं तिनं तो विषय बंद केला, आणि मीही काढला नाही.

वर्षं गेली तसं तळं बदललं. ओढ्यातून गावाचं सांडपाणी येऊ लागलं. गणपती मोठे झाले, रंगीत झाले, तिथंच बुडू लागले. गाड्या तळ्यावर धुतल्या जाऊ लागल्या. केळीला खत वाढलं, आणि घड उतरवल्यावर तोडलेली खोडं कुठं टाकायची म्हणून सगळेच ती तळ्याकडं ढकलू लागले. सगळे म्हणजे दादाही. ज्या खोडांचा त्यानं तराफा केला होता तीच खोडं आता काठाला कुजत पडलेली असायची. पाणी हिरवं, वर साय धरल्यासारखं. कोळंबी दिसेनाशी झाली. आणि एका पावसाळ्यानंतर मामाच्या कोपऱ्यातली बाटली पांढरी राहिली. लेकीनं ती बराच वेळ हातात धरली होती. मी चिठ्ठी लिहिली आणि डिंक लावला.

तिचं ते काम परदेशातही मांडलं गेलं. तिथं पडद्यावर तळ्याचा नकाशा दाखवला आणि त्यात मामाचा कोपरा इंग्रजी अक्षरांत होता, असं तिनं मला कौतुकानं सांगितलं. तिकडं तो कुणाचा मामा हे कुणाला ठाऊक नव्हतं.

मग गावानंच तिला बोलावलं. तळ्यातले मासे मरून वर आले होते, वास सुटला होता. पंचायतीच्या हॉलमध्ये बैठक ठेवली. दादा पुढच्या रांगेत कडक इस्त्रीचा सदरा घालून बसला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करून जागा दाखवत होता, जणू घरचं कार्य. मी आणि वहिनी मागं बायांत बसलो. वहिनी माझ्या कानात म्हणाली, "सकाळपासून आरसा सोडला न्हाई बगा यांनी."

लेकीनं पडद्यावर नकाशा लावला. तोच, फक्त मराठीत. परगावी दाखवून दाखवून तिच्या डोळ्यांना त्या नावांची सवय झाली होती. बाटलीवरची नावं, घरातली नावं. ती नावं गावासमोर वाचायची असतात तेव्हा ती घरची राहत नाहीत, हे तिच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही. हिरवे ठिपके, पिवळे ठिपके आणि एक लाल. लाल ठिपक्यापुढं लिहिलं होतं, मामाचा कोपरा, सर्वात खराब.

मागून एकजण म्हणाला, "काय मामा, सगळ्या गावाची घाण तुमच्याच कोपऱ्यात?"

"भाचीनंच सांगितलं मनल्यावर खरंच आसंल!"

हॉल हसला. बायाही हसल्या. लेक घाईघाईनं सांगू लागली, की पावसाळ्यात वारा मावळतीकडून येतो, सगळ्या तळ्यावरचं शेवाळ आणि घाण लोटत त्या कोपऱ्यात नेतो, ती एकट्या मळ्याची नाही, ओढ्याची, घाटाची, सगळ्यांची आहे. ते खरं होतं. पण हसू आधी येऊन गेलं होतं, त्याच्यामागून आलेलं कुणी ऐकलं नाही. दादा उठला. दारात जाऊन त्यानं चपला शोधल्या, एक पायात नीट बसेना, ती हातात घेऊनच गेला.

घरी आम्हाला जेवायला वाढलं ते वहिनीनं. दादा मळ्यातून आलाच नाही. निघताना मीच मळ्यात गेले. तो पाट वळवत होता.

"दादा, पोरीच्या मनात तसं काय न्हवतं."

"मनात न्हवतं ना? मग फळ्यावर कामून व्हतं?" तो खाली बघूनच बोलला. "तिला तराफ्यावर म्या बसिवलं. होडगं म्या करून दिलं. आन लाल टिकली माज्याच नावाला?"

"वाऱ्यानं येतं म्हणत होती ती..."

"वाऱ्याला नोटीस येती का गं बाई?"

नोटीस पुढं खरंच आली. तळ्यात खोडं टाकू नयेत म्हणून पंचायतीनं कागद काढला, आणि तो एकट्या दादाच्या दारात आला. बाकीच्यांची खोडंही तिथंच पडत होती. चहाच्या हॉटेलात त्याला बघून कुणीतरी नाक धरायचं, असं वहिनीनं फोनवर सांगितलं. तो आता हॉटेलात बसत नव्हता.

त्यानंतरच्या महिन्यात लेक आली तेव्हा मी तिला चहा देताना म्हटलं, "तेवढं एक तळं सोडून दे. चाकूरकडचे आहेत की तुझे."

ती म्हणाली, "आई, एवढ्या वर्षांचं पाणी आहे माझ्याकडं त्या तळ्याचं. दुसऱ्या कुठल्याच तळ्याचं नाही. सोडलं तर पुढं कोण सांगणार ते सुधारलं का बिघडलं?"

"मला मुराळी येणार नाही गं."

एवढंच मी बोलले. हे बोलायला मला फार बळ लागलं. सकाळी निघताना तिनं तिचा तोडगा सांगितला. "मी तळं सोडत नाही, पण तुझ्याकडं येत नाही. लातूरहून परस्पर जीपनं जाईन आणि तसंच परत. बाटल्या बर्फातच ठेवीन. मामाला दिसेल की तुझा यात काही संबंध नाही. तो येईल."

तिनं ते माझ्यासाठीच केलं. मी मान हलवली.

तेव्हापासून खालचा कप्पा रिकामा झाला. मी तिथं भाजी ठेवून बघितली. एका बाईला भाजी लागते किती? दोन वांगी आणि कोथिंबिरीची जुडी एवढ्या मोठ्या कप्प्यात कशी दिसतात ते बघवेना, मग परत वरच ठेवू लागले. शनिवारी दार वाजलं की मी उठायची, आणि ते शेजारचं असायचं. लेक फोन करायची. जेवलीस का, औषध घेतलंस का. मी हो म्हणायची. तळ्याचं मी विचारत नव्हते आणि तीही सांगत नव्हती. आमच्या दोघींच्या बोलण्यात तळं नसलं की बोलायला फार काही उरत नाही, हे मला तेव्हा कळलं. दिवसचे दिवस माझा आवाज फक्त दूधवाल्याला ऐकू जायचा.

मी पंचमीकडं डोळे लावून होते. श्रावण लागला तशी मी पिशवी भरली. एक लुगडं, वहिनीला खण, दादाला टॉवेल. आदल्या दिवशी सकाळपासून दार उघडं ठेवलं. जोंधळ्याच्या लाह्या घरीच फोडून ठेवल्या होत्या, वाटेत खायला. दादाला त्या आवडतात. दुपार झाली. एसटीची वेळ गेली, पुढच्या एसटीची गेली. गल्लीतल्या पोरी मेंदीचे हात पुढं धरून फिरत होत्या. शेजारीण डोकावली.

"काकू, औंदा मुराळी आला न्हाई का?"

"येतोय. गाडी उशिरा असेल."

दिवे लागले तसं मी दार लोटलं. पिशवीतलं लुगडं काढून पेटीत ठेवलं. लाह्या कुणाला देऊ म्हणून बघितलं, मग तशाच डब्यात ठेवल्या. रडू आलं नाही. मी जेवलेही. फक्त पंचमीच्या दिवशी न्हाऊन झाल्यावर कुठं बसावं ते कळेना. घरात दोन खुर्च्या आहेत. दोन्हीत बसून बघितलं.

संध्याकाळी मी लेकीला फोन लावला. सहसा मी लावत नाही.

"तळ्याला कधी जाणार आहेस?"

"येत्या रविवारी. का गं?"

"मी येते."

"आई, मामा बघेल. मग तर..."

"बघू दे. अर्धापूरच्या फाट्यावर मला घे."

ती म्हणाली, "पेन्सिल आण. माझ्या चिठ्ठ्या हल्ली मलाच वाचता येत नाहीत."

रविवारी मी लाह्यांचा डबा घेतला आणि आपल्या पायानं निघाले. फाट्यावर जीप उभी होती. गावात न जाता आम्ही बांधावरून तळ्यावर गेलो. माझा जुना दगड तिथंच होता. मी बसले. लेकीनं चपला माझ्याजवळ काढल्या आणि होडगं घेऊन आत गेली. आता ते थर्माकोलचं होतं, दुसऱ्या कुणाचं. पाणी हिरव्या रंगाच्या कढीसारखं, आणि वास. समोरच्या काठाला खोडांचा ढीग, दादाचाही आणि वरच्या दोन मळ्यांचाही. नोटिशीनं काही झालं नव्हतं, एक माणूस तेवढा तुटला होता.

वडाचा घाट, धुण्याचे दगड, ओढ्याचं तोंड. ती तिथून सांगू लागली, "एक लिही." मग "दोन", "तीन". मला समजायला वेळ लागला. नावं तिनं काढून टाकली होती. तिनं मामाच्या कोपऱ्याकडं होडगं वळवलं तशी मी उठून काठाकाठानं तिकडं गेले आणि बांधाच्या अलीकडं बसले. बांधापलीकडं दादाचा मळा. बांध मी ओलांडला नाही.

वहिनी वैरणीचा भारा घेऊन केळीतून बाहेर आली आणि मला बघून थांबली. भारा खाली टाकला.

"वन्सं? कवा आलात?"

"आत्ताच."

"आन घरला न्हाई आलात."

"कुणी बोलावलं नाही वहिनी."

ती बांध ओलांडून माझ्याशेजारी येऊन बसली. "मला तरी कुठं कुणी बोलावतंय? मी रोजच येते." मी लाह्यांचा डबा पुढं केला. तिनं मूठभर घेतल्या, एक चघळली. "नरम पडल्यात."

"पंचमीच्या आहेत."

तिचा हात थांबला. ती हळू आवाजात म्हणाली, "आदल्या दिशी टोपी घालून दारापातूर गेले व्हते. मंग बाजेवर जाऊन पडले. मनले, गावातनं जायाचं मंजी हॉटेलापासून जावं लागतंय."

लेक होडग्यातून उतरली, गुडघाभर पाण्यातून आली, बाटली माझ्या हातात दिली. "मामी," म्हणून ती वाकली तशी वहिनीनं तिच्या पाठीवर थाप मारली, जरा जोरातच. "वाळलीस की गं. पाणी मोजतीस, भाकरी कोण मोजतंय तुजी?" लेक हसली आणि थाळी आणायला परत गेली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मला दिसलं.

औषध घातलेल्या बाटलीतला साका हळूहळू खाली बसू लागला. वहिनी वाकून बघत होती.

"पांढरं झालं की! चांगलं हाय मनायचं."

"न्हाई वहिनी. पांढरं म्हणजे पाण्यात जीव नाही. चांगलं असलं की चहासारखं होतं. दादा साखर टाक म्हणायचा."

"हाव, मनायचे." तिनं चिठ्ठीकडं बोट केलं. "हे काय लिहिलं?"

"चार."

"मंजी?"

"म्हणजे हा कोपरा."

वहिनीनं मळ्याकडं मान वळवली. "बगा. हुबे हायत."

केळीच्या पानांआड दादा उभा होता. सदरा दिसत होता, तोंड नीट दिसत नव्हतं. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. मी उठून उभी राहिले. पदर सावरला. हाक मारावी असं वाटलं, पण मोठ्यानं हाक मारणं मला कधी जमलेलं नाही. तोही हलला नाही. आमच्या मध्ये बांध, खोडांचा ढीग आणि तो वास.

मग तो ओरडला. माझ्याकडं बघून नाही, वहिनीला. "आगं, म्हशीला पाणी कवा दावतीस? दोपार झाली!"

तोच आवाज. दारातून गाडी थांबत न्हाई म्हणणारा. वर्षभरानं माझ्या कानावर पडला.

वहिनी उठली, लुगडं झटकलं आणि तोंडाला पदर लावून मला म्हणाली, "म्हस सकाळीच पाणी पिऊन बसलीया." लाह्यांचा डबा तिनं काखेत घेतला. "ह्यो नेते. डबा परत न्यायला या." आणि भारा उचलून केळीत शिरली. दादा तिच्यामागून गेला. जाताना त्यानं मागं बघितलं की नाही, पानांमुळं कळलं नाही.

परतीला लेक मला नांदेडला सोडायला आली आणि खूप दिवसांनी राहिली. बाटल्या खालच्या कप्प्यात गेल्या. चार नंबरची चिठ्ठी जरा तिरकी लागली होती, ती मी काढून सरळ लावली.

त्यानंतर दर महिन्याला मी तिच्याबरोबर जाते. घरी अजून गेले नाही, दादाचं बोलावणं आलेलं नाही. बांधाच्या अलीकडंच बसते. डबाही अजून तिकडंच आहे. वहिनी कधी येते, कधी येत नाही. बाटली बहुतेक पांढरीच राहते. दादा दिसतो एखाद्या वेळी, आणि दिसला की म्हशीला पाणी पाजायचं त्याला आठवतंच.